किनवट तालुका : भूरचना आणि प्रशासकीय जडणघडण

प्रस्तावना

तालुका हा महसुली प्रशासनाचा परिचित घटक असला, तरी त्याच्या सीमा निसर्गदत्त नसतात. सत्तांतरे, तह, महसूलविषयक सुधारणा आणि राज्यांची पुनर्रचना यांतून त्या घडत जातात. नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुका हे या प्रक्रियेचे बोलके उदाहरण होय. १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. भाषावार पुनर्रचनेने तो नांदेडला जोडला गेला आणि मराठवाड्याचा भाग बनला. परंतु त्याची नदी विदर्भाशी, डोंगररांग तेलंगणाशी आणि आदिवासी समाजजीवन या दोहोंशी जोडलेले राहिले. प्रशासकीय सीमा बदलते तेव्हा केवळ जिल्ह्याचे नाव बदलत नाही. जमिनीचा कायदा, जमातीचा दर्जा आणि कचेरीपर्यंतचे अंतरही बदलते. किनवटच्या संदर्भात या बदलांचे स्वरूप स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

भौगोलिक स्थान व स्वरूप

किनवट तालुका नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य टोकाला आहे. उत्तरेस पैनगंगा नदी व तिच्यापलीकडे यवतमाळ जिल्हा, पूर्वेस व दक्षिणेस तेलंगण राज्य, तर पश्चिमेस हिमायतनगरकडील प्रदेश अशी त्याची सर्वसाधारण चतुःसीमा सांगता येते. १९९९ मध्ये वेगळा झालेला माहूर तालुका त्याच्या वायव्येस आहे.

मराठवाडा म्हटले की अवर्षणप्रवण, वृक्षविरळ पठाराचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. किनवटचे भूदृश्य या चित्रात बसत नाही. सातमाळा अथवा निर्मल या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या डोंगररांगा येथे पसरलेल्या असून त्यांवर साग, मोह, तेंदू आणि बांबू यांचे पानझडी वन आहे. डोंगरउतारांवरील जमीन उथळ व मुरमाड, तर पैनगंगेच्या काठाची जमीन काळी व कसदार आहे. कापूस, ज्वारी, तूर आणि अलीकडील दशकांत सोयाबीन ही येथील प्रमुख पिके होत. नदीकाठच्या उनकेश्वर येथील उष्ण पाण्याचे झरे भूगर्भरचनेच्या दृष्टीने लक्षणीय आहेत.

जलप्रवाहाची दिशा हा या प्रदेशाचा आणखी एक विशेष होय. नांदेड, बिलोली, देगलूर या भागांतील पाणी गोदावरीस किंवा तिला लगेचच मिळणाऱ्या मांजरेस जाते. किनवटचे पाणी मात्र पैनगंगेतून वर्धेस, वर्धेतून प्राणहितेस आणि अखेर फार दूरवर गोदावरीस मिळते. म्हणजे जिल्ह्याचे मुख्यालय एका खोऱ्यात आणि हा तालुका दुसऱ्या खोऱ्यात, अशी स्थिती आहे. पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा या सीमावर्ती स्थानाचे प्रतीकच म्हणता येईल. त्याचा एक काठ यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड तालुक्यात, तर दुसरा किनवट तालुक्यातील इस्लापूरकडे आहे.

लोकसंख्येच्या रचनेतही हे वैविध्य आढळते. गोंड, कोलाम, परधान व आंध या आदिवासी जमातींबरोबर बंजारा समाजाची वस्ती येथे मोठ्या प्रमाणावर आहे. गोंडी, कोलामी, बंजारा बोली, तेलुगू आणि मराठी या भाषा एकाच आठवडी बाजारात कानी पडतात.

माहूर : प्रादेशिक केंद्र ते सर्कल

या परिसराचे मध्ययुगीन प्रशासकीय केंद्र किनवट नसून माहूर होते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बहमनी राज्याचा वजीर महमूद गवान याने प्रांताधिकाऱ्यांची सत्ता मर्यादित करण्यासाठी चार तरफांचे आठ तरफांत विभाजन केले. त्या वेळी वऱ्हाडचे गाविलगड व माहूर असे दोन भाग पडले. बहमनी सत्तेच्या विघटनानंतर हा प्रदेश इमादशाहीकडे, १५७४ मध्ये निजामशाहीकडे आणि १५९६ मध्ये वऱ्हाडासह मोगलांकडे गेला. मोगल व्यवस्थेत माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठिकाण होते व त्याचे परगणे पैनगंगेच्या दोन्ही काठांवर पसरलेले होते. १६६१ मध्ये उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर असलेली रायबागन ही याच माहूरच्या देशमुख घराण्यातील होती, यावरून या ठिकाणाचे तत्कालीन महत्त्व लक्षात येते.

अठराव्या शतकात आसफजाही सत्ता स्थिर झाली आणि पुढे महसूल प्रशासनाची केंद्रे मैदानी व दळणवळणास सोयीच्या गावांकडे सरकली. रेणुकामातेच्या आणि दत्तस्थानाच्या दर्शनासाठी येणाऱ्या यात्रेकरूंमुळे माहूरचे धार्मिक महत्त्व टिकून राहिले. प्रशासकीय स्थान मात्र घसरत गेले. एके काळी प्रांताचे ठाणे असलेले हे गाव विसाव्या शतकात किनवट तालुक्याचा एक भाग होऊन राहिले.

पैनगंगा : मधली नदी ते सरहद्द

या प्रदेशाच्या इतिहासातील पहिला मोठा छेद १८५३ मध्ये पडला. त्या वर्षीच्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपविला. त्यामुळे माहूर सरकारच्या मधून वाहणारी पैनगंगा ही दोन राजवटींमधील सरहद्द झाली. उत्तर काठावर ब्रिटिश पद्धतीची जमीनमोजणी, न्यायालये व वनव्यवस्था आली. दक्षिण काठ निजामाच्या अंमलाखाली राहिला. दोन्ही काठांवर नातीगोती, बाजार आणि जत्रा पूर्ववत चालू राहिल्या, परंतु दप्तरे कायमची वेगळी झाली. पुढे हैदराबाद मुक्तिलढ्याच्या काळात याच सरहद्दीचा उपयोग कार्यकर्त्यांनी करून घेतला. पलीकडच्या उमरखेड येथे लढ्याचे शिबिर चालत असे.

निजाम राजवटीतील प्रशासन

सालारजंग पहिला याच्या कारकिर्दीत १८६५ मध्ये हैदराबाद राज्यात जिल्हाबंदी झाली. जिल्ह्याच्या प्रमुखास तालुकदार, तालुक्याच्या प्रमुखास तहसीलदार, काही गावांच्या सर्कलवरील अधिकाऱ्यास गिर्दावर आणि गावपातळीवर पटेल-पटवारी अशी ही उतरंड होती. आजच्या तलाठी-मंडळ अधिकारी व्यवस्थेशी तिचे साम्य उघड आहे. दप्तराची भाषा पुढे उर्दू झाली व कालगणना फसली सनाने होत असे. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळविले असता स्थूलमानाने इसवी सन मिळतो. जुने उतारे वाचणाऱ्या अभ्यासकास हा हिशेब उपयोगी पडतो.

गोदावरीच्या उत्तरेकडील वनप्रदेशासाठी प्रथम सिरपूर-तांडूर हा उपजिल्हा होता. १९०५ मध्ये त्याची पुनर्रचना होऊन आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला. किनवट हा याच जिल्ह्याचा तालुका होता. निजाम राजवटीत मुदखेड–आदिलाबाद लोहमार्ग किनवटवरून गेल्याने या गावाचे व्यापारी महत्त्व वाढले व सागवान, कापूस यांची वाहतूक सुलभ झाली.

याच काळात वनांचे राखीवीकरण आणि बाहेरील शेतकरी-सावकारांचे आगमन यांमुळे आदिवासींची जमीन हातची जाऊ लागली. आदिलाबाद जिल्ह्यातच १९४० मध्ये कोमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली झालेला गोंडांचा उठाव हा या असंतोषाचा उद्रेक होता. त्यानंतर मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या अभ्यासाच्या आधारे निजाम सरकारने आदिवासी क्षेत्रांसाठी संरक्षक उपाय योजण्यास प्रारंभ केला.

१९५६ ची पुनर्रचना

राज्य पुनर्रचना आयोगाने सामान्यतः जिल्हा हा पुनर्रचनेचा मूळ घटक मानला होता. प्रत्यक्षात १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यात हैदराबाद राज्याची विभागणी काही ठिकाणी तालुका आणि सर्कल या पातळीपर्यंत खाली गेली. आदिलाबाद जिल्ह्यातून किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल मुंबई राज्यास मिळाले. याउलट नांदेड जिल्ह्यातील देगलूर तालुक्याची बिचकोंडा व जुक्कल आणि मुधोळ तालुक्याची मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले आंध्र प्रदेशात गेली. बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुकेही याच कायद्याने मुंबई राज्यात आले. आज तो प्रदेश लातूर जिल्ह्यात आहे.

१ नोव्हेंबर १९५६ पासून किनवट व राजुरा हे तालुके नांदेड जिल्ह्याचे भाग झाले. राजुरा भौगोलिकदृष्ट्या नांदेडपासून फारच दूर असल्याने १९५९ मध्ये तो चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. किनवट मात्र नांदेडमध्येच राहिला. मराठी भाषेतून शिक्षण, न्याय व प्रशासन मिळणे, हा पुनर्रचनेचा मोठा लाभ होता. तथापि ज्या गावांची घरची भाषा गोंडी किंवा कोलामी होती, त्यांच्या दृष्टीने एका परक्या दप्तरी भाषेची जागा दुसरीने घेतली, हेही नोंदविणे आवश्यक आहे.

सीमेच्या तीन बाजू, तीन कायदे

सीमाबदलाचे खरे परिणाम कायद्याच्या पातळीवर दिसतात. मराठवाड्यात कुळांच्या हक्कांसाठी १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम लागू राहिला. पैनगंगेपलीकडे विदर्भात १९५८ चा स्वतंत्र कुळकायदा आला. एकाच कुटुंबाची जमीन नदीच्या दोन्ही काठांवर असेल, तर कुळाचा हक्क दोन निरनिराळ्या अधिनियमांनुसार तपासावा लागतो.

आदिवासींच्या जमिनीबाबतचा फरक अधिक मूलगामी आहे. आंध्र प्रदेशाचा १९५९ चा जमीन हस्तांतरण विनियम १९६३ मध्ये तेलंगण भागास लागू झाला. १९७० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित क्षेत्रात बिगर-आदिवासीने दुसऱ्या बिगर-आदिवासीकडून जमीन घेण्यासही मनाई झाली. तेथे संरक्षण क्षेत्राला आहे. महाराष्ट्रात जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ व ३६-अ यांनुसार आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर निर्बंध आहेत, आणि पूर्वी गेलेल्या जमिनी परत करण्यासाठी १९७० च्या दशकात स्वतंत्र कायदेही झाले. येथे संरक्षण मुख्यतः खातेदाराला आहे. त्यामुळे जमीन एकदा आदिवासीच्या नावावरून उतरली की पुढील व्यवहारांवरील पकड सैल होते.

जमातींच्या दर्जाचाही असाच प्रश्न आहे. कोलाम ही जमात सीमेच्या दोन्ही बाजूंस विशेष दुर्बल आदिवासी गटांत गणली जाते. बंजारा समाजाची स्थिती वेगळी आहे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने हा समाज तेलंगण भागात लंबाडा या नावाने अनुसूचित जमातींच्या यादीत आला. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत मोडतो. सोयरीक सीमेपलीकडे होते, सवलती मात्र सीमेवर थांबतात.

अनुसूचित क्षेत्राचा वारसा

किनवटच्या अनेक गावांचा अनुसूचित दर्जा महाराष्ट्रात येण्यापूर्वीचा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आदिलाबाद जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील गावे नावानिशी समाविष्ट होती. १९८५ च्या महाराष्ट्रविषयक आदेशात सुमारे दीडशे गावांची यादी नव्याने निश्चित झाली. १९९६ चा पंचायत विस्तार कायदा, अर्थात पेसा, लागू असलेल्या राज्यातील तेरा जिल्ह्यांत मराठवाड्यातील नांदेड हा एकमेव जिल्हा आहे, आणि तो किनवट परिसरामुळे. हा दर्जा तालुक्यास नसून आदेशात नमूद गावांस आहे. म्हणून शेजारच्या दोन गावांत ग्रामसभेचे अधिकार भिन्न असू शकतात. तेंदूपाने, गौण खनिजे, भूसंपादन यांबाबत ग्रामसभेचे मत घेताना कोणते गाव यादीत आहे, याची माहिती गावकऱ्यांना असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

विभाजन, अंतर व आकडेवारी

१९९९ मध्ये नांदेड जिल्ह्यात आठ नवे तालुके निर्माण होऊन तालुक्यांची संख्या सोळा झाली. त्यात माहूर हा किनवटमधून वेगळा झाला व शतकांनंतर त्या गावास पुन्हा प्रशासकीय मुख्यालयाचे स्थान लाभले. जिल्ह्याच्या पातळीवर मात्र विभाजन झाले नाही. मराठवाड्यात १९८१ मध्ये जालना, १९८२ मध्ये लातूर व १९९९ मध्ये हिंगोली हे जिल्हे झाले. सीमेपलीकडे २०१६ मध्ये तेलंगणाने जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियल व कोमराम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे केले. किनवटहून नांदेडचे अंतर आदिलाबादच्या अंतराच्या सुमारे दुप्पट आहे. स्वतंत्र किनवट जिल्ह्याच्या मागणीमागे हेच अंतर आहे. उपविभागीय कार्यालय व आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय किनवट येथे असल्याने काही कामे तेथेच होतात, तरीही अनेक बाबींसाठी जिल्ह्याच्या गावी जाण्यावाचून गत्यंतर नसते.

संशोधकांच्या दृष्टीनेही या बदलांची नोंद आवश्यक आहे. १९५१ च्या जनगणनेतील किनवट आदिलाबाद जिल्ह्यात असून त्यात इस्लापूर सर्कल नाही. १९६१ ते १९९१ च्या किनवटमध्ये इस्लापूर व माहूर दोन्ही आहेत. २००१ पासून माहूर वेगळा आहे. या मालिकेतील आकडे जसेच्या तसे ताडून पाहिल्यास लोकसंख्या, वनक्षेत्र किंवा साक्षरता यांविषयी चुकीचे निष्कर्ष निघतात. गावनिहाय आकडे घेऊन समान क्षेत्राची पुनर्रचना करणे, हाच त्यावरील उपाय होय.

समारोप

किनवटची सीमा १८५३ मध्ये तहाने, १९०५ मध्ये महसुली सोयीने, १९५६ मध्ये भाषेच्या तत्त्वाने आणि १९९९ मध्ये प्रशासकीय निकटतेच्या विचाराने आखली गेली. प्रत्येक वेळी निकष वेगळा होता; नदीचे खोरे, वनाचा विस्तार आणि जमातींचा अधिवास हे निकष मात्र कधीच प्रमुख नव्हते. भाषावार रचनेचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. परंतु भाषेने जोडलेला प्रदेश कायदा, दर्जा आणि अंतर यांच्या बाबतीत दुभंगू शकतो, हे किनवटच्या उदाहरणावरून दिसते. यापुढे जिल्हा वा तालुका पुनर्रचनेचा विचार होईल तेव्हा नकाशावरील समतोलाइतकाच डोंगरातील गावापासून कचेरीपर्यंतच्या वाटेचा विचार होणे आवश्यक आहे. त्याचबरोबर सीमेच्या दोन्ही बाजूंच्या आदिवासींना मिळणाऱ्या संरक्षणाचा तौलनिक अभ्यास सीमावर्ती महाविद्यालयांतील भूगोल, इतिहास, लोकप्रशासन व विधी या विषयांच्या अभ्यासकांनी एकत्रितपणे हाती घेतल्यास त्याचा उपयोग धोरणनिर्मितीस होऊ शकेल.