लिहिणाऱ्या मुलांना वाचक हवा

शाळेच्या फळ्यावरचा सुविचार कोण वाचतो? लिहिणारा विद्यार्थी आणि दुसऱ्या दिवशी तो पुसणारा शिपाई. शाळांचे ब्लॉगही बहुधा याच वाटेने जातात. पाहुण्यांचे स्वागत, स्नेहसंमेलनाची छायाचित्रे आणि मग सामसूम. (‘अनुदिनी’ हा सुरेख प्रतिशब्द असूनही सगळे ब्लॉगच म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.)

वास्तविक ही कल्पना आपल्याला परकी नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक चक्क हाताने लिहून काढीत. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिकही सुरू केले. १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा आली, २००३ मध्ये ती गूगलने घेतली आणि छापखाना जणू फुकट झाला. वाचक मात्र आजही जोडावाच लागतो.

सेलू तालुक्यातले वालूर घ्या. तिथे एक गोलाकार बारव आहे. तिच्या पायऱ्या सापाच्या वेटोळ्यासारख्या फिरत पाण्यापर्यंत उतरतात. गावकऱ्यांनी श्रमदान करून ती स्वच्छ केली. आता बाहेरची माणसे येऊन तिची छायाचित्रे काढतात. पण ती पाहून आजोबांना काय आठवले, हे वालूरच्या आठवीतल्या मुलीवाचून कोण लिहिणार? तिने ते घरी बोलतात त्या परभणीच्या बोलीतच लिहावे. गुरुजनांनी तेवढा वेळ लाल शाईचे पेन खिशात ठेवावे!

आणि ते दापोलीकडच्या एखाद्या शाळेने वाचावे. साने गुरुजींचे पालगड तिकडचेच. तिथला एखादा मुलगा विचारील, “विहिरीला एवढ्या पायऱ्या कशाला? रहाट नाही का तुमच्याकडे?” मग ती मुलगी पायऱ्या मोजायला जाईल, उन्हाळ्यात पाणी कुठवर उतरते ते आजीला विचारील. आयुष्याच्या अखेरीस गुरुजींना आंतरभारतीचा ध्यास होता. प्रांताप्रांतांनी एकमेकांना ओळखावे, असे त्यांना वाटे. मराठवाडा आणि कोकण तर एकाच भाषेत नांदतात, तरी एकमेकांना कितीसे ओळखतात?

दोन शाळा, दहा-दहा मुले, पंधरवड्याला एक लेख आणि प्रत्येक लेखाला समोरच्या शाळेकडून निदान एक प्रश्न. एवढ्याने सुरुवात होते. लेख आधी वहीत लिहावा. मग शाळेत एकच संगणक असला तरी भागते.

बँकेत आमच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत, दोन अधिकाऱ्यांकडे. इथेही तसेच करावे. पासवर्ड एका शिक्षकाकडे, आणि दुसऱ्याने वाचल्याशिवाय काही प्रसिद्ध करायचे नाही. मुलांचे पूर्ण नाव, पत्ता, फोन, चेहरा यांतले काहीही बाहेर जाता कामा नये. मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती घेण्याची तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहेच. पण नुसती सही घेऊ नये, आईवडिलांना बसवून सगळे दाखवावे.

पालकसभेत कुणीतरी विचारीलच, “यानं मार्क वाढतील का?” व्याजाचा दर आधी सांगायची माझी जन्माची सवय, पण इथे तो सांगता येत नाही. दापोलीचा प्रश्न यायला आठ दिवस लागले तरी लागोत. तोवर वालूरची ती मुलगी रोज मधल्या सुट्टीत विचारीत राहील, “सर, आला का?”