सस्पेन्शनचे भाग केव्हा बदलावेत? एमओटीचे शेरे नीट वाचा

हिवाळा सरू लागला की ब्रिटनमधील रस्त्यांवर खड्डे दिसू लागतात. डांबराच्या भेगांत शिरलेले पाणी गोठून फुगते, पुन्हा वितळते आणि वाहनांच्या भाराखाली पृष्ठभाग उखडतो. बर्फ जमू नये म्हणून टाकलेले मीठ त्याच काळात गाडीच्या तळाशी साचते. खड्डे आणि मीठ या दोहोंचा मार सस्पेन्शनला बसतो. पण झीज इतकी सावकाश होते की रोज गाडी चालवणाऱ्यालाच ती जाणवत नाही. महिनाभर भारतात राहून परतल्यावर आपलीच गाडी डुलते आहे असे वाटले, तर तो मनाचा खेळ समजू नये.

गाडीचा भार पेलते आणि खड्ड्याचा धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉक अॅब्सॉर्बरचे नाव काहीसे फसवे आहे. त्याचे खरे काम स्प्रिंगची उसळी शमवण्याचे. तो थकला की चाक रस्त्याला धरून न राहता उडत राहते, आणि टायर रस्त्यावर नीट टेकलेला नसेल तर ब्रेक कितीही उत्तम असले तरी उपयोग नाही. म्हणून हा केवळ आरामाचा प्रश्न नव्हे. पावसात मोटरवेवर अचानक थांबावे लागते तेव्हा त्याची किंमत कळते.

शॉक अॅब्सॉर्बर 50,000 मैलांनंतर बदलावेत असे सर्रास सांगितले जाते. हा आकडा तपासणीची आठवण म्हणून ठीक आहे. निर्णय मात्र लक्षणांवरून घ्यावा. टायरवरून हात फिरवून पाहावा. घेराभोवती ठिकठिकाणी खळगे लागले, तर शॉकवर संशय घ्यायला जागा आहे. केवळ आतली कड झिजली असेल तर दोष बहुधा चाकांच्या अलाइनमेंटचा किंवा बुशचा. शॉकवर तेलाचा पुसट थर असणे विशेष नाही, पण तेल ओघळत असेल तर तो बदलावाच. बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी पूर्ण निकामी झालेला शॉक पकडते. अर्धवट थकलेला तिच्यातून सहज निसटतो.

स्प्रिंगची गोष्ट वेगळी. ती हळूहळू कुरकुरत नाही, एके दिवशी मोडते. तळाच्या वेटोळ्यापाशी पाणी व मीठ साचते, रंग उडतो, गंज आत शिरतो. एखाद्या थंड सकाळी ‘टण्ण’ असा आवाज यावा आणि गाडी एका कोपऱ्यात किंचित बसलेली दिसावी, इतकीच खूण कधी मिळते. मोडलेले टोक टायर चिरू शकते, म्हणून अशी गाडी चालवत नेऊ नये. स्प्रिंग आणि शॉक एकाच अॅक्सलवर जोडीने बदलावेत. एक बाजू नवी व एक जुनी ठेवली तर गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही.

स्पीड बंपवर येणारी खडखड ऐकून घाबरून जाण्याचे कारण नाही. पुष्कळदा ती अँटी-रोल बारच्या लिंकची असते आणि हे काम स्वस्तात होते. बॉल जॉइंट ढिला झाला असेल तर मात्र पुढच्या पगाराची वाट पाहू नये. तो सुटला तर चाकच कोलमडते.

ब्रिटनमध्ये, उत्तर आयर्लंड वगळता, गाडी 3 वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी करावी लागते. पण उत्तीर्ण झाल्याचा दाखला त्या दिवसाच्या स्थितीपुरताच असतो. त्यासोबत येणारे ‘अॅडव्हायझरी’ शेरे अनेकजण वाचतही नाहीत. गाडीच्या क्रमांकावरून मागील वर्षांचे निकाल सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. आधी ‘स्प्रिंग गंजलेली’ आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच, असे आढळले तर तिसऱ्या तपासणीची वाट न पाहता खर्चाची तजवीज करावी. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर हे शेरे सौद्यापूर्वीच पाहावेत.

गॅरेजने मोठी यादी पुढे केली तर गाडी उचललेली असतानाच प्रत्येक भाग दाखवायला सांगावे. तडकलेले रबर किंवा ढिला सांधा साध्या डोळ्यांनीही दिसतो, आणि प्रामाणिक कारागिराला या विनंतीचा राग येत नाही. लोअर आर्मसारखा भाग बदलल्यानंतर अलाइनमेंटही करून घ्यावी; ती राहून गेली तर नव्या टायरची कडही अल्पावधीत झिजून जाते.