उपटू नका म्हणणारा मालक

खुरपं घेऊन निंदायला बसलेल्या कुठल्याही आजीला ही गोष्ट सांगून बघा. ती कपाळाला हात लावेल.

एका माणसानं शेतात चांगला गहू पेरला. रात्री सगळे झोपले असताना त्याचा वैरी आला, गव्हात तणाचं बी टाकलं आणि गुपचूप निघून गेला. पीक वाढलं, ओंब्या आल्या, तेव्हा कुठे नोकरांना तण दिसलं. ते धावत मालकाकडे गेले. "जाऊन उपटून टाकू का?" मालक म्हणाला, "अजिबात नको! कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या."

काय हा मालक! आपल्याकडे तर शाळेतलं पोरही सांगतं, तण खाई धन.

ही गोष्ट सांगितली येशू ख्रिस्तानं, सुमारे 2000 वर्षांपूर्वी. गालील नावाच्या मोठ्या तळ्याकाठी गर्दी जमली होती. येशू एका होडीत बसून बोलत होता आणि माणसं काठावर उभी राहून ऐकत होती. बायबलमधल्या मत्तयाच्या पुस्तकात, 13व्या अध्यायात ही गोष्ट आहे. मराठी बायबलमध्ये अशा गोष्टीला 'दाखला' म्हणतात (शाळा सोडल्याचा तो वेगळा!). आणि त्या तणाला तिथे शब्द वापरलाय 'निदण'. ओळखीचा वाटला ना? शेतातली निंदणी आणि हे निदण एकाच घरातले शब्द. म्हणजे ज्याचं नावच 'निंदून काढायचं ते', तेच काढू नका असं मालक सांगतोय. गंमत इथेच सुरू होते.

आधी हे निदण कोण ते बघू. अभ्यासकांच्या मते ते डार्नेल नावाचं गवत असावं. शास्त्रीय नाव लोलियम टेम्युलेंटम. ते गव्हाबरोबरच उगवतं, साधारण तेवढंच उंच होतं आणि गव्हाबरोबरच पिकतं. कोवळेपणी दोघांची पाती शेजारी धरलीत तर भलेभले फसतील. ओंबी आली की मात्र चोरी पकडली जाते. गव्हाच्या ओंबीत दाण्यांचे झुबके मधल्या दांड्याला सपाट बाजूनं टेकून गच्च बसलेले असतात. डार्नेलचे झुबके चपटे असतात आणि दांड्याला कडेनं चिकटलेले, एकमेकांपासून सुटे सुटे. म्हणून तर गोष्टीतल्या नोकरांना तण ओंब्या आल्यावरच दिसलं. गोष्ट सांगणाऱ्याला शेत चांगलं माहीत होतं!

पण तोवर उशीर झालेला असतो. जमिनीखाली दोघांची मुळं एकमेकांत गुंतलेली असतात. एक ओढायला जावं तर दुसरंही हातात येतं. मालक नोकरांना नेमकं हेच सांगतो: निदण काढता काढता गहूही उपटाल.

असू दे की थोडं गवत, असं म्हणाल, तर तेही सोपं नाही. टेम्युलेंटम या लॅटिन शब्दाचा अर्थच मुळी 'झिंगलेला'. डार्नेलचे दाणे गव्हात दळले गेले आणि त्या पिठाची भाकरी खाल्ली, तर गरगरायचं, धूसर दिसायचं, हातपाय थरथरायचे, उलट्या व्हायच्या. जास्त खाल्लं तर जिवावर बेतायचं. 1898 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्यांना डार्नेलच्या दाण्यात एक बुरशी राहताना सापडली. बाहेरून तिचा मागमूस नसतो. आईरोपाच्या बीमधून ती लेकरात उतरते, त्याच्या बीमधून नातवंडात. किडींना नकोशी वाटणारी रसायनं ती तयार करते, म्हणजे घरभाडंच देते म्हणा ना.

वैरी खरंच असं करायचे का? रोमन कायद्याच्या 533 साली तयार झालेल्या मोठ्या संग्रहात, दुसऱ्याच्या पिकात डार्नेल टाकून ते नासवणाऱ्यावर काय कारवाई करावी याची चर्चा आहे. कोणी करत नसेल, तर वकील कशाला डोकं खाजवतील?

आता माझा आवडता प्रश्न. डार्नेल गव्हासारखं दिसायला शिकलं कोणाकडून?

उत्तर ऐकून हसू येईल: शेतकऱ्याकडून! हा विचार मांडला निकोलाय वाविलोव या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं. जगभर फिरून बिया गोळा करणारा हा माणूस. शेतकरी निंदायला बसतो, तेव्हा काय उपटतो? जे गव्हासारखं दिसत नाही ते. जे थोडंफार गव्हासारखं दिसतं, ते नजरेतून सुटतं. मग मळणी, मग चाळणी. लहान दाणे खाली पडतात, गव्हाएवढे दाणे गव्हातच राहतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा पेरले जातात. असं शेकडो पिढ्या चाललं. शेतकऱ्यानं प्रत्येक वर्षी सर्वांत चांगली नक्कल करणारं तण तेवढं वाचवलं, तेही नकळत.

अशी नक्कल आपल्याकडेही बघायला मिळते. छत्तीसगडमध्ये भाताच्या शेतात 'करगा' नावाचा जंगली भात शिरतो. तो ओळखू यावा म्हणून जांभळ्या पानांचं भात लावून पाहिलं. हिरवं दिसलं की उपट, किती सोपं! पण करगा आणि भात जवळचे नातेवाईक. त्यांचा संकर झाला आणि करग्यातही जांभळी रोपं निघू लागली.

पुन्हा होडीकडे जाऊ. गर्दी पांगल्यावर येशूचे शिष्य घरात त्याला म्हणाले, त्या निदणाचा अर्थ सांगा. त्यानं सांगितलं: शेत म्हणजे जग. चांगलं बी म्हणजे देवाच्या राज्याची माणसं, निदण म्हणजे दुष्टाची. वैरी म्हणजे सैतान, कापणी म्हणजे युगाचा शेवट आणि कापणारे म्हणजे देवदूत. कापणीला निदण वेगळं काढून जाळलं जाईल आणि नीतिमान सूर्यासारखे चमकतील. निवाडा कडक आहे, त्यात गुळमुळीतपणा नाही. पण तो करायचा कोणी आणि कधी? नोकरांनी नाही, आणि आज तर नाहीच. नोकरांच्या हातात खुरपं दिलं तर ते चुकीचं रोप उपटतील, असं मालकाला वाटतं. मला या गोष्टीत हेच सर्वांत आवडतं: मालकाला तणापेक्षा आपल्या नोकरांच्या घाईची जास्त धास्ती आहे.

पुढे चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतले संत ऑगस्टीन हा दाखला समजावताना म्हणत, की आज जे निदण आहे ते उद्या गहू होऊ शकेल. माणसांबद्दल बोलत होते ते. वनस्पतिशास्त्राचा पेपर असता तर गुण कापले असते, कारण डार्नेल कधीच गहू होत नाही. पण थांबा, वाविलोवची आणखी एक गोष्ट राहिली. युरोपात ज्याची काळी भाकरी आवडीनं खातात ते राय हे धान्य, त्याच्या मते, गव्हाच्या शेतातलं तणच होतं. थंड, उंच, नापीक जागी गहू मान टाकायचा आणि हे तण मात्र तग धरायचं. शेवटी शेतकऱ्यांनी तेच पेरायला घेतलं. कितीतरी वर्षं उपटलं गेलेलं रोप ताटात आलं!

डार्नेलला असं नशीब लाभलं नाही. बियाणं साफ करणारी यंत्रं आली आणि त्याचा दाणा पेरणीआधीच बाजूला पडू लागला. ब्रिटनच्या शेतांत एके काळी सर्रास दिसणारं हे गवत आता तिथे फारच दुर्मिळ झालंय.

या हिवाळ्यात गव्हाच्या शेताच्या बांधावर गेलात, तर दोन-चार ओंब्या नीट निरखून बघा. काही वेगळं दिसलं, तर उपटण्याआधी शेतमालकाला विचारा.