कांद्याचे भाव व हवामान

कांद्याच्या घाऊक भावातील चढउतारांचा, पिकाच्या व साठवणीच्या काळातील पाऊस, उष्णता व आर्द्रता यांच्याशी असलेला संबंध. कांदा नाशवंत असल्याने धान्याप्रमाणे एका वर्षाचा माल दुसऱ्या वर्षासाठी राखता येत नाही. तसेच रोजच्या आहारातील त्याची मागणी भावानुसार फारशी कमीजास्त होत नाही. त्यामुळे पुरवठ्यात थोडी तूट आली, तरी भाव बरेच चढतात आणि थोडी वाढ झाली, तरी ते कोसळतात. भारतातील कांद्याच्या उत्पादनात महाराष्ट्र अग्रेसर असून नासिक जिल्ह्यातील लासलगाव ही त्याची प्रमुख घाऊक बाजारपेठ आहे.

हंगाम : महाराष्ट्रात कांद्याचे तीन हंगाम आहेत. खरीप किंवा लाल कांद्याची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते व काढणी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात होते. रांगडा कांदा जानेवारी ते मार्चमध्ये, तर रब्बी किंवा उन्हाळ कांदा मार्च ते मेमध्ये निघतो. वर्षाच्या उत्पादनाचा निम्म्याहून अधिक भाग रब्बीचा असतो व तोच चाळीत काही महिने टिकतो. लाल कांदा येईपर्यंत बाजाराची भिस्त या साठ्यावर असते. म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ सर्वांत नाजूक ठरतो.

हवामानाचे परिणाम : पावसाने ओढ दिल्यास खरिपाची लागण मागे पडते व लाल कांदा बाजारात उशिरा येतो. काढणीच्या सुमारास पाऊस झाल्यास शेतात पाणी साचून कांदा सडतो. ढगाळ व दमट हवेत करपा रोग बळावतो. या नुकसानीचा परिणाम भावावर लगेच दिसतो. रब्बीच्या काढणीवेळी होणाऱ्या अवकाळी पावसाचा व गारपिटीचा परिणाम मात्र प्रथम उलट दिसतो. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही. म्हणून शेतकरी तो मिळेल त्या भावाने विकतो, आवक वाढते व भाव पडतात. टंचाई जाणवते ती काही महिन्यांनी, साठे अपेक्षेपेक्षा लवकर संपतात तेव्हा. पावसाळ्यातील दमट हवेनेही चाळीतील कांद्याची सड वाढते.

शासकीय उपाय व त्यांच्या मर्यादा : २०१९ मध्ये नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या परतीस ९ ऑक्टोबर रोजी, म्हणजे नेहमीपेक्षा फार उशिरा, सुरुवात झाली. त्यानंतरच्या पावसानेही महाराष्ट्रातील खरीप कांद्याचे मोठे नुकसान झाले. डिसेंबरमध्ये अनेक शहरांत किरकोळ भाव किलोस १०० रुपयांवर गेले. केंद्र शासनाने २९ सप्टेंबर २०१९ रोजीच निर्यातबंदी करून व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा घातली होती. बंदी मार्च २०२० मध्ये उठली. २०२३ चा ऑगस्ट हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच महिन्यात निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविण्यात आले व ८ डिसेंबरपासून मे २०२४ च्या आरंभापर्यंत निर्यातबंदी होती.

अशा उपायांमुळे ग्राहकास दिलासा मिळतो. परंतु त्यांचा भार पुष्कळदा नव्या पिकावर पडतो. २०२३ ची बंदी लाल कांद्याची आवक चालू असताना आली व नासिकच्या बाजारांत भाव झपाट्याने उतरले. हवामानामुळे वाढलेल्या भावाचा लाभ ज्याच्याजवळ त्या वेळी विक्रीयोग्य माल आहे त्यासच होतो. ज्याचे पीक शेतात सडले, त्यास तो मिळत नाही. चढ्या भावाने पुढील हंगामात लागवड वाढते आणि हवामान अनुकूल राहिल्यास अतिरिक्त उत्पादनाने भाव पुन्हा पडतात. हे चक्र सौम्य करण्यासाठी हवेशीर चाळी, साठवणीस योग्य वाण, कोंब रोखणारी विकिरण प्रक्रिया आणि रब्बी कांद्याचा राखीव शासकीय साठा हे उपाय योजले जातात.