‘सगळं पॅकेजमध्ये’ म्हणजे नेमकं काय? समुद्रकिनारी जाण्याआधी विचारायचे प्रश्न

9 जून 2025 ला सोलापूर-गोवा विमान सुरू झालं आणि आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गोव्याच्या जाहिरातींचा पाऊस पडायला लागला. ‘3 रात्री 4 दिवस, बीच रिसॉर्ट, सगळं पॅकेजमध्ये.’ होटगी रोडचं विमानतळ कुंभारीकरांना जवळचंच. त्यामुळे आजवर जे लोक हैदराबाद, विजापूर, फार तर महाबळेश्वर इथवर जायचे, तेही आता दिवाळीच्या सुट्टीत समुद्राचं बघू म्हणतात. चांगली गोष्ट आहे. फक्त पैसे भरण्याआधी या ‘सगळं’ शब्दात काय काय येतं, ते समजून घेतलेलं बरं.

ही पद्धत आपल्याकडची नाही. 1950 मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर जेरार्ड ब्लिट्झ या माणसाने क्लब मेड नावाची सुट्टीची छावणी काढली. राहायला तंबू, जेवणाला लांबच लांब टेबलं, पोहणं, खेळ, सगळं एकदाच भरलेल्या पैशात. गंमत म्हणजे पुढे त्यांच्याकडे बारमधलं पेय वेगळं असायचं. गळ्यात मण्यांची माळ, त्यातले मणी काढून द्यायचे आणि ग्लास घ्यायचा. म्हणजे दारूचा हिशेब जेवणापासून अलग होता. नंतर कॅरिबियन बेटांवरच्या हॉटेलांनी तोही आत ओढला. मेक्सिकोतलं कानकुन तर सरकारने ठरवून वसवलेलं गाव. जेमतेम वस्तीच्या किनाऱ्यावर 1970 च्या सुमारास काम सुरू झालं, 1974 ला पहिली हॉटेलं उघडली. आज तिथे पाहुण्याच्या मनगटावर पट्टी बांधतात. पट्टी दाखवा आणि दिवसभर खा, प्या, पोहा. खिशात हात घालायचं काम नाही.

ऐकायला झकास आहे. आणि त्यात एक खरी सोय आहे, ती मी नाकारणार नाही. आपल्या घरातल्या बायकांना सुट्टी म्हणजे काय असतं? सहलीला निघताना गॅसची छोटी शेगडी, शेंगाचटणी, कडक भाकरी, मसाल्याचे डबे, सगळं बांधून घ्यायचं आणि तिथे जाऊन पुन्हा चूल पेटवायची. मुलं पाण्यात, नवरा खुर्चीत आणि अम्मी कांदा चिरतेय. चार दिवस कुणीतरी आयतं ताट पुढे ठेवणार असेल, तर त्या बाईसाठी ते पैसे वसूल आहेत. म्हणूनच जेवणासहित राहणं मला पटतं. न पटणारी गोष्ट पुढे आहे.

आपल्याकडच्या हॉटेलात दर विचारला की समोरचा ‘सीपी’, ‘एमएपी’, ‘एपी’ असं काहीतरी पटापट बोलतो आणि आपण मान डोलावतो. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, बहुतेक वेळा रात्रीचं. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणं. यात दारू नसते; पाण्याची बाटली, संध्याकाळचा चहा, भजीही नसू शकतात, ते विचारून घ्यायचं. यापुढचा प्रकार म्हणजे कानकुनसारखा ‘ऑल इन्क्लुसिव्ह’. गोव्यात तो काही रिसॉर्टमध्ये मिळतो आणि त्यात ठरलेल्या वेळेत बारही मोकळा असतो.

आता साधा हिशेब करा. रिसॉर्टवाला दारू फुकट वाटत नाही. सरासरी माणूस किती पिणार हे धरून तो ती रक्कम प्रत्येकाच्या दरात आधीच घालतो. आपल्या घरचे चौघं एक थेंब पिणार नाहीत, तरी त्या बारचा वाटा आपल्या पावतीत आला. पिणाऱ्याचं बिल न पिणाऱ्याने भरायचं. आपल्यासाठी हा नुसता पैशाचाही प्रश्न नाही. हलालच्या कमाईतला पैसा कशावर जातो, हे बघणं आपल्याकडे घराघरात शिकवलेलं असतं. त्यामुळे थेट विचारावं, ‘बार वगळून दर काय?’ काही ठिकाणी असा दर देतात, पण आपण मागितल्याशिवाय सांगत नाहीत. विचारायला लाजू नये. शाकाहारी जैन कुटुंबं बिनधास्त विचारतात की कांदा-लसूण वगळून मिळेल का, आणि त्यांना मिळतं.

तुर्कस्तानात यावर वेगळा मार्ग निघाला. 1996 मध्ये दिदिम या किनाऱ्यावरच्या गावात काप्रिस नावाचं हॉटेल याच विचाराने सुरू झालं. दारू नाही, पोहायला बायकांची आणि पुरुषांची वेगळी सोय. आज तिथे अशी बरीच हॉटेलं आहेत आणि जेवणासहितचीच पद्धत चालते. म्हणजे ‘सगळं पॅकेजमध्ये’ आणि बार यांची गाठ काही अल्लाने बांधून दिलेली नाही.

जेवणाचं बघू. बुफेत शंभर पदार्थ मांडलेले असतात, त्यातले आपल्या कामाचे किती? गोव्यात सोरपोतेल आणि चोरिस हे डुकराच्या मांसाचे. व्हिंदालूही मुळात तोच. नाश्त्याला ‘सॉसेज’ अशी चिठ्ठी लावलेली असते, कशाचं ते लिहिलेलं असेलच असं नाही. कोंबडी-मटण कुठून येतं, हलाल आहे का, हे बुकिंग करतानाच विचारायचं. ताट हातात घेऊन वाढप्याला विचारलं तर तो बिचारा ‘होय साहेब’च म्हणणार. मासळीचा मात्र प्रश्न नाही. सुरमई, बांगडा, पापलेट मनसोक्त खा. फक्त खेकड्यापाशी आपल्यात दोन मतं आहेत. सोलापूरकडचे आपण बहुतेक हनफी, खेकडा खात नाही. कोकणी मुसलमान शाफई, त्यांना चालतो. कोकणी सोयऱ्यांकडे कुर्ल्यांचा रस्सा पुढे आला की आपल्या पाहुण्यांची होणारी चुळबुळ ज्यांनी बघितलीय, त्यांना हे सांगायला नको.

कोकणाचा विषय निघालाच आहे तर माझं मत सांगून टाकतो. आपल्या गरजेचं ‘ऑल इन्क्लुसिव्ह’ गोव्याच्या अलीकडेच आहे. सोलापूरचं विमान मोपाला उतरतं, आणि मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला, सिंधुदुर्गाच्या हद्दीजवळ. तिथून वेंगुर्ला, मालवण, तारकर्ली गाडीने गाठता येतं. तारकर्ली-देवबागला घरोघरी न्याहारी-निवासाची सोय आहे. खोली, सकाळी घावणे किंवा आंबोळी, दुपारी-रात्री माशाचं जेवण आणि सोलकढी. तारकर्ली, गणपतीपुळे, हरिहरेश्वर इथे एमटीडीसीचीही निवासं आहेत. वर रायगड-रत्नागिरीकडे मुरुड, श्रीवर्धन, हर्णै भागात कोकणी मुसलमानांची जुनी वस्ती आहे. तिथे तांदळाची भाकरी आणि कालवण मिळतं आणि मटण कसलं हे विचारावं लागत नाही. पट्टीवाल्या रिसॉर्टमध्ये पाहुणा फाटकाबाहेर पडतच नाही, त्यामुळे गावातला रिक्षावाला, मासेवाली, चहाची टपरी यांच्या हाती फारसं काही लागत नाही. घरात राहिलं की पैसा त्याच घरात राहतो.

पैशाचं एक गणित वर्गात मुलांनाही घालावं असं आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे, त्यापुढे 18 टक्के. 7400 ची खोली टॅक्ससह 7770 ला पडते आणि 7600 ची 8968 ला. दर 200 ने वाढला, बिल 1198 ने. म्हणून ‘टॅक्स धरून की वगळून’ हा पहिला प्रश्न. मुलांचं वय किती झालं की पूर्ण पैसे, तीन रात्रींत जेवणं एकूण किती, विमान उशिरा पोचलं तर बुडालेल्या जेवणाचं काय, हेही विचारा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये तसं बजावलंय आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. ऐकत नसतील तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

आपल्या कुंभारीत 10,000 घरांची कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहत आहे, बिडी वळणाऱ्या बायांची. त्यांच्यासाठी विमान आणि रिसॉर्ट ही दूरची गोष्ट. पण 17 मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. चार-पाच जणींनी मिळून कोकणात एखादं घर जेवणासहित घेतलं, तर आयुष्यात एकदा समुद्र बघणं अगदीच अशक्य राहत नाही.

आणि समुद्राबद्दल, कारण आपण विहिरीत आणि तळ्यात पोहलेली माणसं. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे 14 विद्यार्थी बुडाले. आपल्याच समाजातल्या कितीतरी घरांत त्या दिवशी मातम होता. त्या वेळी ना पावसाळा होता, ना वादळ. कुठल्याही पॅकेजमध्ये किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असं नाही, तेही विचारून घ्या. ओहोटीला पाणी माणसाला आत ओढतं, म्हणून उतरण्याआधी गावातल्या कोळ्याला विचारा, भरती आहे की ओहोटी. मे अखेरपासून ऑगस्ट अखेरपर्यंत बोटी आणि पाण्यातले खेळ बंद असतात. शाळेच्या सुट्टीचा शेवटचा आठवडा नेमका त्यात सापडतो, तेव्हा जायचं तर मेच्या पहिल्या पंधरवड्यातच.