कॅनव्हासवर पहिला हात : अ‍ॅक्रिलिकविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

सोलापुरात नव्या पेठेत खरेदीला गेलेला माणूस हौसेने कॅनव्हास आणि अ‍ॅक्रिलिक रंगांचा डबा घेऊन येतो. दोन दिवसांत ब्रश लाकडासारखा कडक होतो आणि ‘आपल्याला नाही जमत’ म्हणून सगळं सामान माळ्यावर जातं. दोष हाताचा नसतो. शाळेतल्या जलरंगांच्या सवयी आपण या रंगाला लावतो, तिथे घोटाळा होतो.

गैरसमज : पाण्यात मिसळतो, म्हणजे हा जलरंगच.
वस्तुस्थिती : यातली रंगद्रव्यं अ‍ॅक्रिलिकच्या दुधाळ द्रवात मिसळलेली असतात. पाणी उडालं की त्याचा लवचिक, प्लास्टिकसारखा पापुद्रा बनतो. शाळेतली रंगवडी पुन्हा भिजते, हा पापुद्रा भिजत नाही. म्हणून काम संपताच ब्रश साबणाने मुळापर्यंत धुवा. कपड्यावरचा डागही ओला असतानाच निघतो.

गैरसमज : इतक्या लवकर वाळणाऱ्या रंगात मिश्रण जमतच नाही.
वस्तुस्थिती : सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, डोक्यावर पंखा फिरत असतो, पातळ थर काही मिनिटांत सुकणारच. उपाय आपल्या गावातच विणला जातो. सोलापुरी नॅपकिन भिजवून, पिळून पसरट ताटात अंथरा, वर बटर पेपर ठेवा आणि रंग त्यावर काढा. खालून ओल मिळत राहते आणि रंग बराच वेळ मऊ राहतो. काम थांबवताना वर दुसरं ताट उपडं घाला. लवकर वाळण्याचा फायदाही मोठा आहे : चुकलेल्या जागेवर थोड्याच वेळात नवा थर देता येतो.

गैरसमज : चोवीस रंगांचा संच हवाच.
वस्तुस्थिती : टायटॅनियम पांढरा, अल्ट्रामरीन निळा, लेमन पिवळा, क्रिमसन लाल आणि बर्न्ट सिएना या पाच नळ्या पुरतात. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून पाहा : काळ्या नळीपेक्षा जिवंत गडद छटा मिळते. एक लक्षात ठेवा, ओला रंग वाळल्यावर किंचित गडद होतो. त्यामुळे मिश्रण आधी कागदाच्या तुकड्यावर वाळवून बघा.

गैरसमज : सरावालाही महागडा कॅनव्हास लागतो.
वस्तुस्थिती : हार्डबोर्डवर मांजरपाट घट्ट चिकटवून गेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात दिले की सरावाचा पृष्ठभाग तयार. तयार कॅनव्हासला बहुधा गेसो दिलेलाच असतो.

गैरसमज : खरे चित्रकार तैलरंगातच काम करतात.
वस्तुस्थिती : आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात 1915 साली जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांनी कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकमध्येही भरपूर काम केलं. डेव्हिड हॉकनी यांचं 1967 मधलं ‘अ बिगर स्प्लॅश’ हे गाजलेलं चित्रही अ‍ॅक्रिलिकचंच. मात्र एक नियम पाळा : वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तैलरंग चालतो, तैलरंगावर अ‍ॅक्रिलिक धरत नाही.

तेव्हा माळ्यावरचा डबा खाली काढा. घरातला तांब्या खिडकीपाशी ठेवा आणि पाच नळ्यांत तो रंगवा. चित्र बिघडलं तरी कॅनव्हास टाकू नका. वाळू द्या, वरून गेसोचा हात फिरवा. त्याच कॅनव्हासवर दुसरं चित्र होतं.