‘डॉक्टर सुई देतील’ ही धमकी बंद करा!

“गप जेव, नाहीतर डॉक्टरला सुई द्यायला लावीन!” आपल्या वस्तीत हे वाक्य रोज कानावर पडतं. मग एक दिवस त्याच मुलाची दाढ ठणकते आणि आपण त्याला त्याच डॉक्टरकडे नेतो. ते तोंड कसं उघडेल?

नर्सची नोकरी नवी होती तेव्हाची गोष्ट. पाच वर्षांचा मुलगा, गाल सुजलेला. आम्ही चौघांनी हातपाय धरले आणि दाढ काढली. दोन मिनिटांत काम झालं म्हणून मला बरंही वाटलं. काही महिन्यांनी दुसरी दाढ किडली, तेव्हा त्याने दवाखान्याच्या फाटकातच बसकण मारली. आई मजुरी बुडवून आली होती, तशीच परत गेली. त्याच्या मनात ती भीती घालण्यात माझाही हात होता.

“दुधाचे दात, पडणारच आहेत” म्हणून आपण थांबतो. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. त्या किडल्या की मूल नीट जेवत नाही, झोपत नाही, शाळा बुडते. म्हणून पहिली तपासणी दुखत नसतानाच, पहिल्या वाढदिवसापर्यंत करून घ्या. पहिली भेट वेदनेची नसली, तर पुढच्या भेटी सोप्या जातात.

घरी काय करावं?

• दवाखाना-दवाखाना खेळा. मुलाला आडवं झोपवून, चमचा हातात घेऊन दात मोजा. मग त्याला तुमचे मोजू द्या.

• “अजिबात दुखणार नाही” असं खोटं सांगू नका. “थोडं मुंगी चावल्यासारखं वाटेल, मग गाल झोपी जाईल,” असं सांगा.

• मोठ्यांच्या दात काढण्याच्या कहाण्या मुलासमोर नकोत. चॉकलेटचं आमिषही नको.

• शक्यतो सकाळी न्या. झोपेला आलेलं मूल ऐकत नाही.

दवाखान्यात काय करावं?

मुलांच्या दातांचे डॉक्टर ‘सांगा-दाखवा-करा’ ही पद्धत वापरतात. अमेरिकेतील दंतवैद्य ॲडेलस्टन यांनी ती १९५९ मध्ये मांडली. आधी सोप्या शब्दांत सांगायचं, मग ब्रश मुलाच्या नखावर फिरवून दाखवायचा आणि जसं दाखवलं तसंच तोंडात करायचं. “दुखलं तर डावा हात वर कर, मी थांबेन,” असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ते खरंच थांबले, की मुलाचा विश्वास बसतो.

त्या वेळी बोलणारा आवाज एकच असावा, डॉक्टरांचा. आई, आजी, मावशी एकदम बोलल्या की मूल गोंधळतं. आपण नुसता हात धरावा. “बघ, ती मुलगी रडत नाही,” अशी तुलना करू नये. “तोंड छान उघडं ठेवलंस,” असं नेमकं कौतुक करावं. तीन वर्षांखालचं मूल रडणारच; त्याला आईच्या मांडीवर घेऊनही तपासता येतं.

घाई नसेल तर “आज फक्त तपासणी करू, बाकी पुढच्या वेळी चालेल का?” असं डॉक्टरांना जरूर विचारा. हे विचारायला लाजू नका. मात्र गाल सुजला, ताप आला तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. मूल अगदीच घाबरलं असेल तर मोठ्या रुग्णालयात भूल देऊनही उपचार होतात.

दात बधिर केल्यावर काही तास ओठ सुन्न राहतो. मूल तो चावून जखम करून घेतं, म्हणून लक्ष ठेवा.

पैशांअभावी थांबू नका. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत तपासणीला येतं. त्यात दातांची कीडही येते आणि पुढचा उपचार मोफत असतो. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. पथक कधी येणार, हे अंगणवाडीताईंना विचारून ठेवा.

आणि आज रात्री मुलाला ‘आ’ करायला सांगून दात मोजा. दुधाचे सगळे आले असतील तर वीस भरतील. एखाद्यावर काळा वा तपकिरी डाग दिसला तर ठणका लागण्याआधीच निघा.